चार पंखांचे चिलट

आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत काचेच्या सहा बाटल्या उभ्या आहेत व त्यांतून आंबूस वास येतो, अशी तक्रार शेजारच्या वर्गाकडून वरचेवर येते. तक्रार रास्त आहे. बाटल्यांत कुसकरलेले केळे आणि चिमूटभर यीस्ट असून त्यावर चिलटे पोसली जात आहेत. इंदापुराहून बारामतीस येताना पिकून काळी पडलेली केळी मी बाजारातून मागून आणतो. फळवाल्याने आता कारण विचारणे सोडून दिले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडील बागायतदार जिला फळमाशी म्हणतो, जी पेरूच्या धडधाकट फळास टोचून आत अंडी घालते व जिच्यासाठी बागेत कामगंध सापळे टांगतात, ती माशी निराळी. आपली चिलटे आंबलेल्या फळावरील यीस्टवर निर्वाह करतात. शास्त्रज्ञ त्यांस ड्रॉसोफिला म्हणतात. देह जेमतेम तीन मिलिमीटर. गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार. आणि २५ अंश उष्णतेत अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास सुमारे १० दिवस. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांस १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला, तेव्हापासून या क्षुद्र जीवाने आनुवंशशास्त्राची जी सेवा केली आहे तिला तोड नाही.

तथापि मला सांगावयाचे आहे ते डोळ्यांविषयी नव्हे, पंखांविषयी. चिलटास पंख दोनच. त्यांच्या मागे, छातीच्या तिसऱ्या खंडावर, टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गुठळ्या असतात. उडताना तोल राखणे हे त्यांचे काम. अळीच्या अंगात पंखांची व या गुठळ्यांची बीजे चकत्यांच्या रूपाने आधीच तयार असतात आणि कोशात ती उमलतात. मागील चकतीने पंख न होता गुठळी व्हावे, हे अल्ट्राबायथोरॅक्स नावाचे एक जनुक ठरविते. त्यातील बिघाडाची पहिली माशी कॅल्विन ब्रिजेस यांना १९१५ मध्ये सापडली. पुढे कॅलिफोर्नियातील एडवर्ड लुईस यांनी अशा बिघाडांचा संयोग करून चक्क चार पंखांची माशी निपजविली. १९९५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले.

हे जनुक स्वतः पंख अथवा गुठळी घडवीत नाही. ऊसतोडीचा मुकादम पाहा. तो कोयता हाती धरीत नाही. कोणत्या टोळीने कोणत्या फडात काय करावे, एवढेच सांगतो. तो गैरहजर राहिला तर टोळी रिकामी बसत नाही. आदल्या फडात जे केले तेच येथेही करून मोकळी होते. म्हणून तिसऱ्या खंडावरही पंखच उगवतो. गंमत अशी की फुलपाखराच्या मागील पंखांतही हाच मुकादम हजर असतो, आणि तरी तेथे पंख तो पंखच राहतो, कारण त्याच्या हाताखालील टोळ्या निराळ्या. पुण्यातील आयसर या संस्थेत (स्थापना २००६) डॉ. एल. एस. शशिधर व त्यांचे सहकारी यांनी नेमक्या याच जनुकाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. चार पंखांच्या माशीचे छायाचित्र मी दर वर्षी वर्गात दाखवितो, आणि कोणी तरी विचारतेच, "सर, मग ती दुप्पट वेगाने उडत असेल?" तिला मुळीच उडता येत नाही. तोल राखणारे अवयव गेले, आणि जादा पंखांस हलविणारे स्नायू नाहीत.

आता जे लिहितो ते वर्गात कधी बोललो नाही.

माझा धाकटा भाऊ जून १९८० मध्ये जन्मला. त्याच्या दोन्ही हातांची मधले बोट व अनामिका जोडलेली होती आणि त्या जोडात एका जादा बोटाचे हाड होते. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीस सूर्यग्रहण झाले होते; खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला, आपल्याकडे ते खंडग्रास दिसले. आम्ही ख्रिस्ती, घरी ग्रहण पाळण्याचा प्रघात नव्हता. त्यामुळेच आईस अधिक बोल लागला. गरोदर बाई ग्रहणात विळीवर बसली, असे आळीत बोलले गेले. आणि लिहिण्यास लाज वाटते, पण आमच्या आजीनेही ते उचलून धरले. आईने प्रतिवाद केला नाही. भावाचे हात ती पदराखाली झाकून नेई. पुढे शस्त्रक्रियेने बोटे सुटी झाली, तरी पूर्ण वाकत नाहीत.

माझे वडील घरातसुद्धा कॅनव्हासचे बूट घालीत. पायांस गारठा सोसत नाही, असे ते म्हणत. २०११ साली ते वारले. अखेरचे स्नान घालताना मी त्यांची पावले प्रथम नीट पाहिली. दोन्ही पावलांची शेवटची दोन बोटे एकमेकांस जोडलेली होती व करंगळीस दुसरे नख होते.

पुढील वर्षी भाऊ बाप होणार होता, म्हणून आम्ही पुण्यास एका आनुवंशतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी हात पाहिले, पावलांचे वर्णन ऐकले, रक्त तपासणीस पाठविले. चिलटातील त्या मुकादमाच्या गोत्रातली ३९ जनुके मनुष्यात आहेत. त्यांपैकी हॉक्स-डी-१३ या नावाच्या जनुकात दोष निघाला. त्याच्या प्रथिनात ॲलानिनच्या १५ कड्यांची एक सलग साखळी असते. ती सात किंवा अधिक कड्यांनी लांबली की बोटे अशी घडतात, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले होते. एकाच पालकाकडून आलेली सदोष प्रत पुरते, आणि एकाच घराण्यात कोणाच्या हातास फार तर कोणाच्या केवळ पावलास ती दिसते. अपत्यास ती मिळण्याचा संभव निम्मा. भावाच्या मुलीचे हात निर्दोष निघाले.

परतीच्या एस.टी.त मी बोटांवर हिशेब केला. गर्भाची बोटे आठव्या आठवड्याअखेर सुटी झालेली असतात. जूनमध्ये जन्मलेल्या मुलाची ती नोव्हेंबरातच घडून चुकली होती. ग्रहण त्यानंतर तीन महिन्यांनी लागले. हा हिशेब करण्यास रक्ताची तपासणी लागत नव्हती. विज्ञानाची पदवी घेऊन मी कित्येक वर्षे शिकवीत होतो आणि तो कधी केला नव्हता.

आईस हे सांगावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला, कारण त्यात वडिलांची गोष्ट येणार होती. अखेर सांगितले. ती चुलीपाशी होती. ऐकताना तिने हातातले काम थांबविले नाही. वडिलांच्या पावलांविषयी ती म्हणाली, "मला लग्नापासून ठाऊक होतं. त्यांना फार लाज वाटायची." मग काही वेळाने म्हणाली, "त्या दिवशी विळी मी काढलीच नव्हती रे. मेथी निवडत बसले होते. कोणी विचारलं नाही."