अंगरख्यातली वीट

भोरच्या पंत सचिवांचा राजवाडा १८६९ सालचा. त्याचं पाश्चात्त्य वळण दाखवून देणारे पुष्कळ भेटतात. मी जुनी घरं दुरुस्त करणारा. मला दर्शनी बाजूपेक्षा आतला चौक जास्त बोलका वाटतो. चेहरा साहेबी असेना का, घर वाड्याचंच आहे. चौक, भोवती सोपे, कोरीव लाकडी खांब.

खऱ्या साहेबी घराची वीट वेगळी. लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा कार्डिनल वुल्सीने १५१५ च्या सुमारास बांधायला घेतला, तो उघड्या लाल विटांचा. तिथे वीटच भिंत, वीटच शोभा आणि भारही तिच्याच अंगावर. आपल्या वाड्यात भार घेतात खांब आणि तुळया. वीट मधली जागा भरते. ती पातळ, कमी आचेवर भाजलेली, म्हणून पाणी पटकन पिते. बांधण्याआधी पाण्यात टाका, बुडबुडे थांबेपर्यंत काढू नका. नाहीतर ती चुन्यातलंच पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो.

अशी वीट भोरशेजारच्या वेल्ह्याच्या पावसात उघडी ठेवून चालत नाही. तिथल्या तोरणा किल्ल्याच्या पायथ्याची जुनी कुडाची घरं तेच सांगतात: कारवीवर शेणमातीचा लेप, वर पुढे काढलेलं छप्पर आणि पाऊस मारतो त्या बाजूला गवताचा आडोसा. वाड्याच्या विटेला हा अंगरखा चुन्याच्या गिलाव्याचा. घाण्यात मळलेला चुना, वाळू, गुळाचं नाहीतर हिरड्याचं पाणी, थोडा ताग. हा गिलावा पाऊस अडवतो, पण भिंतीत शिरलेली ओल बाहेरही पडू देतो.

सिमेंटला हे जमत नाही. एका वाड्याची भिंत अशीच ‘पक्की’ केलेली मी पाहिली. वरून गुळगुळीत, बोटाने ठोकली की पोकळ वाजायची. थर काढला तर मागे क्षारांची पांढरी पूड, आणि वीट नखाने खरवडली तरी झडत होती. सिमेंट शाबूत, वीट गेलेली! ज्याने भिंत राखायची, तोच तिच्या जिवावर टिकला. (त्या सिमेंटचं बिल मात्र ‘जीर्णोद्धार’ म्हणून फाडलेलं.)

चुना सुचवला की मालक आधी विचारतात, वेळ किती? चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश दगड होतो. रोज पाणी मारावं लागतं, कडक ऊन लागू द्यायचं नाही. दिवाळीनंतर हात घातला तर पावसाच्या आत थर धरतात. जूनमध्ये बोलावणाऱ्याला मी ताडपत्री बांधून देतो आणि दिवाळीची तारीख देतो.