बराकपूर : सुट्टीत घरी येणाऱ्यांचे गाव

हुगळी नदीच्या काठावर, कोलकात्यापासून तासाभराच्या अंतरावर वसलेले बराकपूर म्हणजे मंगल पांडेचे गाव, एवढीच ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून झालेली असते. परंतु या गावाला आणखी एक ओळख आहे. घरापासून दूर नोकरीसाठी आलेल्यांचे आणि घरापासून दूर नोकरीसाठी गेलेल्यांचे हे गाव आहे. म्हणूनच येथे सुट्टीला मोठी किंमत आहे.

भाद्रपद संपत आला की बराकपूरच्या घराघरांतून आवराआवर सुरू होते. गच्चीवर गाद्या वाळत पडतात, वरच्या मजल्यावरची बंद खोली उघडली जाते, मच्छरदाणी धुतली जाते. मुलगा दुबईला असतो, मुलगी सिंगापूरला, कोणाचा जावई लंडनला. महिनोन् महिने व्हिडिओ कॉलवर दिसणारी ही मंडळी आता प्रत्यक्ष येणार असतात. दमदमचा नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळ इथून जवळच आहे. त्यामुळे विमान पहाटे तीनला उतरणार असले तरी वडील गाडी सांगून ठेवतात आणि 'तुम्ही झोपा, आम्ही येऊ' असे मुलांनी कितीही बजावले तरी स्वतः जातातच.

देवीसुद्धा माहेरी येते

बंगालची दुर्गापूजा ही मुळात घरी येण्याचीच कथा आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठा गौरी जशा माहेरवाशिणी म्हणून येतात, गोडधोड जेवतात आणि तिसऱ्या दिवशी निरोप घेतात, तसेच बंगाली माणसाच्या मनात दुर्गेचे रूप आहे. ती कैलासावर नांदणारी उमा आहे. वर्षातून एकदा लक्ष्मी, सरस्वती, गणेश आणि कार्तिकेय या चार मुलांना घेऊन ती बापाच्या घरी येते. षष्ठीला येते, दशमीला परत जाते. तिच्या येण्याची वाट पाहणारी गाणी 'आगमनी' म्हणून ओळखली जातात आणि निरोपाची 'विजया'. लेकीला सासरी कसे असेल, ती यंदा येईल ना, ही आईची काळजी त्या गाण्यांतून व्यक्त होते. आज त्याच काळजीला विमानाच्या तिकिटाची आणि रजेच्या अर्जाची जोड मिळाली आहे, इतकेच.

या दिवसांची चाहूल लागते ती महालयाच्या पहाटे, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला. पहाटे चार वाजता आकाशवाणीवर 'महिषासुरमर्दिनी' हा कार्यक्रम लागतो. १९३१ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमातील बीरेंद्रकृष्ण भद्र यांचा आवाज बंगाली घरात इतका मुरला आहे, की १९७६ मध्ये त्यांच्याऐवजी लोकप्रिय अभिनेते उत्तमकुमार यांचा आवाज ऐकवला गेला तेव्हा श्रोते संतापले आणि आकाशवाणीला जुना कार्यक्रम परत आणावा लागला. परदेशात राहणारी मुले आता तो मोबाईलवर ऐकतात. ज्यांना रजा मिळालेली नसते, त्यांच्यासाठी ती पहाट फार जड असते.

कोलकात्याच्या दुर्गापूजेला डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. कोलकात्याच्या मोठ्या पंडालांपुढे तासन् तास रांगा लागतात. बराकपूरच्या गल्लीतील पूजा मात्र अजून घरगुती वाटते. सकाळी ढाक वाजू लागतो, अष्टमीला सगळा मोहल्ला अंजली वाहायला जमतो, दुपारी खिचडी आणि मिश्र भाज्यांच्या लाबड्याचा भोग मिळतो. पंगतीत वाढणारा तरुण परवापर्यंत न्यू जर्सीच्या कार्यालयात बसलेला असतो, हे सांगूनही खरे वाटत नाही.

समुद्राला घाबरलेले शिपाई

समुद्रापलीकडे जाणे ही आज अभिमानाची बाब वाटते. पण याच गावात एकेकाळी त्यावरून रक्त सांडले आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे छावणी उभारली. बराकींचे गाव म्हणून ते बराकपूर. त्याआधी या भागाला चाणक म्हणत. इथले शिपाई बहुतांशी अवध आणि बिहारकडचे शेतकऱ्यांचे मुलगे होते. १८२४ मध्ये ब्रह्मदेशाशी युद्ध जुंपले आणि ४७ व्या बंगाल पलटणीला चितगावकडे कूच करण्याचा हुकूम झाला. सामान वाहायला बैल मिळत नव्हते, त्यांचा खर्च शिपायांच्या माथी येत होता. त्यात आपल्याला जहाजावर चढवून काळ्या पाण्यापलीकडे नेतील, जात जाईल, घरी गेल्यावर कोणी पंगतीला घेणार नाही, ही भीती. शिपायांनी हुकूम मानला नाही. २ नोव्हेंबर १८२४ रोजी सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट यांनी त्यांच्यावर तोफा डागल्या. अनेक जण जागीच ठार झाले, काहींनी हुगळीत उड्या टाकल्या. त्यांचा पुढारी बिंदी तिवारी याला फाशी देण्यात आले. छावणीच्या परिसरात त्याच्या नावाचे छोटेसे देऊळ आहे.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २९ मार्च १८५७ रोजी, ३४ व्या पलटणीच्या मंगल पांडेने याच छावणीत बंदूक उचलली. ८ एप्रिलला त्याला फाशी झाली. नदीकाठच्या मंगल पांडे उद्यानात त्याचा पुतळा आहे. त्याच्यापुढे उभे राहताना १८२४ च्या त्या शिपायांचीही आठवण ठेवायला हवी. घरी परतण्याची वाट बंद होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

ज्यांना परतणे साधले नाही

लॉर्ड वेलस्लीने १८०१ च्या सुमारास येथे गव्हर्नर जनरलसाठी नदीकाठी निवासस्थान आणि मोठी बाग उभारायला घेतली. लोक आजही त्या भागाला 'लाटबागान', म्हणजे लाटसाहेबाची बाग म्हणतात. या बागेवर सर्वाधिक माया केली ती लेडी शार्लट कॅनिंग हिने. व्हाइसरॉयची ही पत्नी उत्तम चित्रकार होती. १८५६ मध्ये ती भारतात आली आणि बराकपूरच्या झाडाफुलांत रमली. परतायला अवघे काही महिने उरले असताना दार्जिलिंगच्या प्रवासात तिला ज्वराने गाठले आणि १८ नोव्हेंबर १८६१ रोजी तिचा मृत्यू झाला. तिची कबर तिच्या आवडत्या बागेत, नदीकाठी आहे. लॉर्ड कॅनिंग १८६२ च्या मार्चमध्ये एकटेच मायदेशी गेले आणि जूनमध्ये त्यांचेही निधन झाले. बंगाली मिठाईच्या दुकानात मिळणारी 'लेडिकेनी' ही पाकात मुरलेली गोड गोळी तिच्याच नावावरून आली, असे म्हणतात.

याच गावातील मणिरामपूर भागात राष्ट्रगुरू सुरेंद्रनाथ बॅनर्जी राहत असत. १८९५ च्या पुणे काँग्रेसचे हे अध्यक्ष. ६ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांनी बराकपूरलाच देह ठेवला. आय.सी.एस. परीक्षेसाठी ते १८६८ मध्ये विलायतेला गेले. वयाच्या वादावरून त्यांचे नाव यादीतून वगळले गेले आणि त्याविरुद्ध ते तिथे झगडत असतानाच, १८७० मध्ये इकडे त्यांचे वडील वारले. न्याय मिळाला, नोकरी मिळाली, पण ते सांगायला वडील उरले नव्हते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात हीच धास्ती असते. रात्री अवेळी घरून फोन आला की त्याचा हात थरथरतो.

नदीपलीकडची आनंदीबाई

बराकपूरच्या धोबीघाटावरून होडीत बसले की काही मिनिटांत समोरचे श्रीरामपूर येते. एकेकाळी हे डेन्मार्कच्या ताब्यातील गाव होते. मराठी वाचकाने ही होडी चुकवू नये. कारण तिथल्या श्रीरामपूर महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी एका मराठी मुलीने इंग्रजीतून भाषण केले होते. ती होती आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव टपाल खात्यात होते, म्हणून हे जोडपे बंगालमध्ये आले होते. एकट्या विवाहित स्त्रीने परदेशी जायचे म्हणून टीकेची झोड उठली होती. आपण अमेरिकेला का जात आहोत, हे तिने त्या सभेत निर्भयपणे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही दिली.

७ एप्रिल १८८३ रोजी तिने कोलकात्याहून बोट पकडली. तेव्हा तिला अठरावे वर्ष पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही मिळाली. पण तिथली थंडी, अपुरा आहार आणि क्षय यांनी शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस ती मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने डोळे मिटले. दिलेला शब्द तिने पाळला, ती घरी आली. मात्र घरच्यांच्या वाट्याला फारच थोडे दिवस आले.

तीन आठवड्यांचा हिशेब

आजच्या परदेशस्थ मुलांना ना समुद्राची भीती, ना बहिष्काराची. त्यांची अडचण वेगळी आहे. पूजा आश्विनात येते आणि त्याच सुमारास परदेशातील शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. मुलांची शाळा बुडवता येत नाही, म्हणून अनेक कुटुंबे डिसेंबरमध्ये येतात. तेव्हा पंडाल नसतात, पण खजुराच्या नव्या गुळाचे संदेश असतात, आजी तांदळाची 'पिठे' करते, सेंट बार्थोलोम्यूच्या चर्चमध्ये नाताळची प्रार्थना असते. आजी-आजोबा म्हणतात, "तुम्ही याल तेव्हाच आमची पूजा."

सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची. त्यातले दोन दिवस झोपेची घडी बसण्यात जातात. निम्मे दिवस सुनेच्या माहेरी द्यायचे असतात आणि ते योग्यच आहे. मग बँक, दाताचा डॉक्टर, घराची कागदपत्रे, नातेवाइकांची आमंत्रणे. याच दिवसांत तो नाजूक विषयही निघतो. जुने घर बिल्डरला द्यायचे का? आई-बाबांनी फ्लॅटमध्ये जायचे की मुलाकडे? वडील ऐकून घेतात आणि म्हणतात, "बघू पुढच्या वर्षी." मुलगा गप्प बसतो. वडिलांचा जिना चढतानाचा दम त्याने पाहिलेला असतो.

अशा वेळी शहाणी कुटुंबे दोन गोष्टी पाळतात. पहिली, भेटीगाठींची यादी छोटी ठेवतात आणि निदान चार दिवस फक्त घरात घालवतात. दुसरी, कठीण विषय निघायच्या आदल्या रात्री काढत नाहीत. आल्यावर पहिल्याच आठवड्यात बोलतात, म्हणजे विचाराला आणि रुसवा काढायला वेळ राहतो. मुलांनी पैसे पाठवले म्हणून निर्णयही आपणच घ्यावा, असे समजू नये. तसेच आई-वडिलांनीही तब्येतीची दुखणी 'उगाच काळजी नको' म्हणून लपवू नयेत.

टिटागडच्या ज्यूट गिरण्यांत काम करणारे बिहार-उत्तर प्रदेशचे मजूरही सणाला मुलखात जाण्यासाठी आधीपासून रेल्वेची तिकिटे मिळवायला धडपडतात. ज्यांना जाता येत नाही ते हुगळीच्या घाटांवर छठपूजा करतात. विमानाने येणारा आणि रेल्वेने जाणारा, दोघांची ओढ एकच.

दशमीचा दिवस

दशमीला सवाष्णी देवीला कुंकू लावतात, तोंडात मिठाई भरवतात, पानाने तिचे डोळे पुसतात. मग एकमेकींना कुंकू माखतात. पूर्वी देवी निघाल्याचे शंकराला कळवायला नीलकंठ पक्षी सोडत. वन्यजीव कायद्याने आता त्याला बंदी आहे. मूर्ती नदीत उतरते तेव्हा आरोळी उठते, पुढच्या वर्षी पुन्हा होईल! आपले 'पुढच्या वर्षी लवकर या' यापेक्षा वेगळे काय आहे? विसर्जनानंतर धाकटे थोरांच्या पाया पडतात, बरोबरीचे मिठी मारतात, घरोघरी नारळाचे लाडू आणि खारी निमकी पुढे येते.

आणि मग बॅगा भरल्या जातात. आई लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून ठेवते, मुलगा वजनकाट्यावर बॅग चढवतो, काहीतरी काढावे लागते. लोणचे मात्र निघत नाही. उंबऱ्यावर बंगाली माणूस 'जातो' म्हणत नाही, 'आशि' म्हणतो, म्हणजे 'येतो'. मराठी घरातही निघताना हेच म्हणण्याची रीत आहे. त्या एका शब्दावर मागे राहिलेले पुढचे वर्ष काढतात.

कसे जाल, काय पाहाल

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून बराकपूरला लोकल गाड्या सतत असतात. अंतर सुमारे २३ किलोमीटर. रस्त्याने श्यामबाजारहून बराकपूर ट्रंक रोडने जाता येते. गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले तिथला गांधी घाट अवश्य पाहावा. वास्तुविशारद हबीब रहमान यांनी आखलेल्या या स्मारकाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १५ जानेवारी १९४९ रोजी केले. जवळच गांधी संग्रहालय आहे. राणी रासमणीची कन्या जगदंबा हिने १८७५ मध्ये बांधलेले अन्नपूर्णा मंदिर दक्षिणेश्वरच्या देवळाची आठवण करून देते. लाटबागानचा बराच भाग पोलीस प्रशिक्षण संस्थेकडे असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. भूक लागली तर बटाटा घातलेली कोलकाता पद्धतीची बिर्याणी स्थानकाजवळच मिळते. हिंडण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.