पणजीचं माहेर डॉट कॉम!

आमच्या वंशावळीत आठ पिढ्या आहेत, पण बायका शोधून सापडत नाहीत. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, बस्स! मला हवी होती माझी पणजी. घरात तिच्याबद्दल माहिती काय, तर नाव लक्ष्मी, लग्न १९२५च्या आसपास, सासर सातारा, माहेर ‘कोकणात कुठंतरी’. झालं!

यातला खरा लोचा माहितीय? पूर्वी लग्नात मुलीचं आडनावच नाही, नावही सर्रास बदलायचे. म्हणजे बाई एकच, पण माहेरच्या कागदात एका नावाची लेक आणि सासरच्या कागदात दुसऱ्याच नावाची सून. आपल्या कपाटात कितीही उचकापाचक करा, तिचा अर्धा पत्ता दुसऱ्याच्या कपाटात! म्हणून हा छंद एकट्याचा नाहीच.

आधी ऑर्कुटवर आडनावांच्या कम्युनिटीज असायच्या. २०१४मध्ये ऑर्कुट बंद झालं, आता तीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर भेटतात. अशाच एका ग्रुपवर मी लोकलमधून पणजीची माहिती टाकली. दादर यायच्या आत नागपूरच्या एका काकांचा मेसेज. ‘आमचं मूळ गाव राजापूर. आजोबांची एक बहीण साताऱ्याला दिली होती म्हणतात.’ सोबत त्यांच्या पणजोबांच्या वहीतल्या पानाचा फोटो. सगळं मोडीत! ग्रुपवरच्याच, मोडी शिकलेल्या एका पुणेकर मुलीनं फोटो झूम करून वाचलं, ‘चि. द्वारकी साताऱ्यास दिली.’ पुढे जावयाचं नाव आणि आडनाव. ते माझ्या पणजोबांचं!

नुसतं नाव जुळून भागत नाही, म्हणून वर्ष आणि मुलांची नावंही ताडून पाहिली. सगळं जुळलं. शंभर वर्षांनी आमच्या लक्ष्मीला तिचं द्वारकी हे नाव परत मिळालं, तेही तिच्या वडिलांच्या अक्षरात.

तुम्हालाही करून बघायचंय? आधी घरातल्या आजीला बोलतं करा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या कुळांच्या नामावळी असतात, त्यांचे फोटो विचारूनच काढा. आणि हयात माणसांच्या जन्मतारखा ग्रुपवर टाकू नका.

बँकेच्या फॉर्मवर कित्येकदा आईचं माहेरचं नाव विचारतात. आपल्या वंशावळीनं तेवढं जरी विचारलं असतं ना!