रंध्याचा भाऊ

माझे वडील सुतार होते आणि त्यांच्यामागे त्यांनी फारसे काही ठेवले नाही. एक हत्यारांची पेटी आणि सागाची एक फळी, एवढेच. फळी साडेचार फूट लांब, दीड फूट रुंद आणि इंचभर जाड, तीही एकसंध, कोठेही जोड नसलेली. असा साग आज वखारीत मागितला, तर वखारवाला आपल्याकडे दयेने पाहतो. पनवेलच्या जुन्या बाजारातला एक वाडा पाडला जात असताना वडिलांनी ती विकत घेतली होती आणि "हिची वेदी करायची" असे म्हणत ती वर्षानुवर्षे माळ्यावर जपली होती. ती वेदी त्यांच्या हातून झाली नाही. मुलीचे लग्न ठरले, तेव्हा तिच्या नव्या घरात कौटुंबिक प्रार्थनेसाठी ती आपण करावी, असे मी ठरविले. मी पेशाने शिक्षक, नुकताच निवृत्त झालेला. लहानपणी वडिलांच्या हाताखाली लाकूड घासले होते, तेवढ्या भांडवलावर मी हा उद्योग आरंभिला.

घासण्याचा मला तेव्हाही कंटाळा असे. वडील लाकडी ठोकळ्याला काचपेपर गुंडाळून तासन् तास फळी घासत बसत. चर्चमध्ये संत योसेफाचे चित्र पाहताना मला नेहमी वाटे, यांच्या हाती करवत आहे, रंधा आहे, पण काचपेपर कोठे दिसत नाही! १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरविला; पण श्रमातला सर्वांत नीरस भाग चित्रकारांनी वगळलेलाच राहिला.

म्हणून मी यंत्र घेण्याचे ठरविले. दुकानात तीन प्रकारची सँडर यंत्रे मांडलेली होती. त्यांतले सर्वांत जड, सर्वांत जोरदार ते मी उचलले. ते बेल्टचे सँडर होते. दोन रुळांवर काचपेपरचा पट्टा रणगाड्याच्या साखळीसारखा एकाच दिशेने धावतो. जो सर्वांत जास्त लाकूड खातो तो सर्वांत चांगला, असा माझा हिशेब होता. पट्टा साठ नंबरचा, म्हणजे चांगलाच खरखरीत. पहिल्याच संध्याकाळी फळीच्या मध्यावर एक काळा डाग दिसला, तो घालविण्यासाठी मी यंत्र तेथेच क्षणभर धरून ठेवले. डाग गेला. यंत्र उचलून पाहतो तो तेथे तळहाताएवढा खळगा, दोन मिलिमीटर तरी खोल. वडिलांनी इतकी वर्षे जपलेली फळी मी अर्ध्या मिनिटात बिघडविली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

पनवेल हे एकेकाळी बैलगाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेले गाव. चाकाला कोणी आरशासारखी झिलई आणीत नसे हे खरे. पण लाकडाची जाण या गावात मुरलेली आहे. बाजारात एक वृद्ध मिस्त्री आहेत, वडिलांच्या ओळखीचे. फळी रिक्षात घालून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खळग्यावरून अंगठा फिरविला आणि विचारले, "सर, घासायला कोणतं मशीन घेतलंत?" मी सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ते घासायचं मशीन नव्हे. तो रंध्याचा भाऊ आहे. तुम्हाला काचपेपरचा भाऊ पाहिजे होता."

त्या एका वाक्यात मला दुकानातली सारी मांडणी उलगडली. यंत्राचे बळ पाहायचे नसते, ते कोणत्या हातहत्याराच्या जागी उभे राहणार हे पाहायचे असते. बेल्टचे यंत्र लाकूड काढण्यासाठी आहे. दोन फळ्या चिकटविल्यावर सांध्यावर राहिलेला उंचवटा ते मिनिटात सपाट करते. ते लाकडाच्या शिरांच्या दिशेनेच चालवावे, चालू स्थितीत अलगद टेकवावे आणि एका जागी कधी थांबू देऊ नये. व्हिनिअर लावलेल्या प्लायवर तर त्याला मुळीच नेऊ नये, वरचा कागदासारखा पापुद्रा क्षणात उडतो.

त्याचा जोडीदार म्हणजे रँडम ऑर्बिटल. त्याची गोल चकती, बहुधा १२५ मिलिमीटरची, स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी लहानशा वर्तुळात थरथरते. त्यामुळे एकच ओरखडा एकाच वाटेने पुन्हा पुन्हा पडत नाही आणि शिरांची दिशाही फारशी पाहावी लागत नाही. मात्र त्याला दाबू नये. दाबले की फिरणे मंदावते आणि लाकडावर वेटोळी उमटतात. ती कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात बसला की दिसतात. तिसरे यंत्र चौकोनी तळव्याचे. ते कोपऱ्यात शिरते, पण काम संथ. कोपरे मी ठोकळ्यानेच करीन, असे ठरवून ते घेतले नाही. दोन यंत्रांचे स्वभाव भिन्न असावेत. सारख्या स्वभावाची दोन घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरे यंत्र निवडताना मी आणखी एक गोष्ट पाहिली. वडिलांना अखेरपर्यंत खोकला होता. तो कशामुळे, हे कोणी तपासले नाही आणि मीही आता सांगू शकत नाही. पण लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असे कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली नोंदविले आहे. नाकाच्या आतील भागाला तिचा धोका विशेष. म्हणून चकतीला भोके असलेले, धूळ ओढून घेणारी नळी जोडता येईल असेच यंत्र घेतले, आणि तोंडाला चांगला मास्क. वडील तोंडाला टॉवेल बांधीत, तोही आठवण झाली तर.

मिस्त्रींनी फळी आधी रंध्याने थोडी उतरवून दिली. "सगळा खळगा काढायला गेलात तर फळीच राहणार नाही," असे बजावले. पुढचे काम माझे. फळीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत यंत्र फिरवायचे. आधी ८० नंबर, मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळण्याचा मोह होतो. पण ८० चे ओरखडे १८० ला निघत नाहीत. शेवटी लाकूड स्पिरिटने पुसून खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहायचे. अखेरचे हात मी वडिलांच्या ठोकळ्याने दिले, शिरांच्या दिशेने. मग चपडा लाखेचे पॉलिश.

मुलीच्या घरी ती वेदी आता भिंतीपाशी उभी आहे. खळग्याची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. परवा फोनवर ती म्हणाली, "पप्पा, मेणबत्तीचं मेण नेहमी मध्येच का साचतं हो?"