तव्यावरचं शेत

अमरावतीत आमच्या मोहल्ल्यातला चक्कीवाला मोठा शिस्तीचा. आधी गव्हाचे डबे, मग ज्वारीचे, हिवाळा असेल तर त्यामागून बाजरी, आणि उडीद सगळ्यात शेवटी. एका पिठाचा अंश दुसऱ्यात जाऊ नये म्हणून त्याची केवढी धडपड! आणि इकडे वऱ्हाडातली मला सगळ्यात आवडणारी भाकर कुठली, तर पिठात पीठ मिसळल्याशिवाय न होणारी. कळण्याची.

ज्वारीत सालासकट उडीद घालून दळायचे, जरा मीठ टाकायचं, झाला कळणा. राखट रंगाचं पीठ, त्यात उडदाच्या काळ्या सालीचे ठिपके. किती ज्वारीला किती उडीद, हे घराघरागणिक बदलतं आणि प्रत्येक घराला आपलंच प्रमाण खरं वाटतं. उडदाच्या चिकटपणामुळे हे पीठ भाकरीला मोठं सोयीचं. नवशिक्या हातालाही फारसं चिरत नाही. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर जवसाच्या तेलात खललेला मिरचीचा ठेचा असला की भाजीची चौकशी कोणी करत नाही.

हल्ली दुकानात ‘मल्टिग्रेन’ नावाची पाकिटं मिळतात. त्यांवर पाच-सात धान्यांची चित्रं असतात आणि मागच्या बाजूला प्रथिनांचा हिशेब. कळण्यामागे असला हिशेब नव्हता. अकोला-दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीत ज्वारीच्या मधे मुगाउडदाची तासं पेरली जायची. मूगउडीद आधी निघायचे, ज्वारी मागून. पाऊस एकाला मारून गेला तर दुसरं हाती लागायचं. जे एका वावरात शेजारी उभं राहिलं तेच डब्यात एकत्र आलं. मिसळण्याचं काम शेतातच होऊन गेलेलं असायचं. घरातल्या बाईने ते फक्त तव्यापर्यंत आणलं. पौष्टिकपणा त्यात होताच, पण त्याची जाहिरात करायला कोणाला सवड नव्हती.

पीठ बदललं की हातही बदलावा लागतो. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं. मळली, मुरू दिली की ती ताणली जाते, लाटण्याखाली हवी तशी पसरते. ज्वारीत ते नाही. मुरवत ठेवण्यात काही हशील नाही, एकेका भाकरीपुरतंच भिजवावं. पाणी चांगलं कढत घेतलं की पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो, आणि त्या तेवढ्या आधारावर उंडा थापताना एकसंध राहतो. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते; मग कितीही थापा, कडा फाटतातच. बाजरीत तेल जास्त, म्हणून तिचं पीठ लवकर कडवट होतं. ते थोडंथोडंच दळून आणावं. गव्हाच्या पोळीची चूक तूप झाकून घेतं. भाकरीची चूक ताटात उघडी पडते.

माझी मावशी परातीत उंडा फिरवता फिरवता म्हणायची, “माप कायले पायजे? पीठच सांगते ना किती पानी लागते ते.” माझ्या हाताला ते पीठ फारसं काही सांगत नाही. मी उकड काढतो, निम्मी कणीक घालतो आणि लाटण्याने लाटतो. मावशीच्या लेखी ती भाकर नव्हेच. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात, पाणी आटत आलं की सराट्याने उलटवायची आणि मग आरावर. तिथे ती टम्म फुगली, पापुद्रा सुटला, की मावशी पुढच्या उंड्याकडे वळलेली असायची. शाबासकी तिने ना भाकरीला दिली, ना मला.

सगळ्याच ज्वारीची भाकर गोड लागते असंही नाही. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं. पीक दणदणीत, ताटं बुटकी, पण लवकर निसवणारं कणीस परतीच्या पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा आणि भाकरही काळपट. जुनी माणसं ‘हायब्रीड’ हा शब्द अजून शिवीसारखा वापरतात. 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, आली, तिचीही भाकर या तव्याने भाजली. चवीची तक्रार नंतरची, आधी पोट.

मेळघाटात चिखलदरा-धारणीकडे गेलं की तव्यावर मका येतो. कोरकू घरांतली मक्याची भाकर जाड, पिवळी, चुलीचा वास असलेली. गरम आहे तोवरच तिची खरी मजा. कोदो-कुटकी तिकडे बहुधा भातासारखी शिजवतात. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा शहरात याच धान्यांच्या पिठांना चांगले दिवस आले. त्याला माझी हरकत नाही. पण अकोल्यात पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ 1969 पासून उभं आहे, आणि त्याच्या भोवतालच्या वावरांतून खरिपाची ज्वारी गेली, सोयाबीन आलं, ते आपल्या डोळ्यांसमोर. सोयाबीनचे पैसे लवकर हातात येतात. घरची बैलजोडी गेली, तसा कडब्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. आणि शिवारात एकट्यानेच ज्वारी पेरली तर गावभरची पाखरं त्याच्याच कणसांवर, रात्री रानडुकरं.

परवा चक्कीवर दर्यापूरकडचे एक काका पुढे होते. त्यांच्या डब्यात मालदांडी. सोलापूरकडच्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेली, रब्बीची, पांढरीशुभ्र, विकतची. मी विचारलं, “काका, घरची नाही का जवारी?”

“पेरतो ना अर्धा एकर,” ते म्हणाले, “पन ते पाखराइची. आपली हे.”