जाड कागदाची मर्जी

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य खर्ची पडलें, त्याच्या मनांत कागदाविषयीं फारसा आदर उरत नाहीं. तीस वर्षें आमच्या हातांखालून जो कागद गेला तो इतका पातळ, कीं एका पृष्ठावरचें अज्ञान दुसऱ्या पृष्ठावरही वाचतां यावें. त्यामुळें गेल्या आषाढांत आमच्या घरीं पंचवीस तावांची जी पेटी आली, तिच्यांतला पहिला ताव उचलतांना आम्हांस जरा संकोचच वाटला. निव्वळ कापसाचा कागद, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा, जाडी जवळजवळ अर्धा मिलिमीटर; आपला कचेरींतला नेहमींचा कागद ८० ग्रॅमचा असतो. हा कागद करणारी जर्मनींतली हानेम्यूले गिरणी १५८४ सालीं निघाली. एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तें शके १५०६ म्हणजे हेंच वर्ष. या योगायोगाचा छपाईशीं कांहीं संबंध नाहीं; पण तो एकदां सुचला आणि मग सोडवेना. पेटीची किंमत मात्र आम्ही सांगत नाहीं, कारण आमच्या घरांतूनही हा अंक वाचला जाण्याचा संभव आहे.

पेटी आणली ती आईच्या छायाचित्रासाठीं. तिचें एकच छायाचित्र घरांत आहे, १९७१ सालचें, कृष्णधवल, तळहाताएवढें. वाड्याच्या ओसरीवर ती उभी आहे. मागें कोनाडा, अंगावर गडद रंगाचें लुगडें. पुढच्याच वर्षीं ती गेली. आम्ही तेव्हां तीन वर्षांचे होतों, त्यामुळें आईचा चेहरा म्हणून आमच्याजवळ जें कांहीं आहे तें या चित्रांतूनच आलेलें आहे. अक्का आमच्याहून चौदा वर्षांनीं मोठी. तिला आई खरोखरीची आठवते. तिच्या खोलींत लावण्यासाठीं आम्हीं हें चित्र शहरांतल्या एका दुकानांतून मोठें करून आणलें, तेव्हां तिनें तें डोळ्यांजवळ नेऊन पाहिलें आणि परत दिलें. “अरे, ही आपली आई नव्हे. आई सांवळी होती.”

दुकानदाराच्या हेतूविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. बाई गोरी दिसली म्हणजे गिऱ्हाईक खूष होतें, हा त्याचा अनुभव असणार, आणि आपल्या समाजाकडे पाहतां तो खोटाही म्हणवत नाहीं. चेहरा उजळ करण्याची त्याच्याजवळ एक कळ आहे, ती त्यानें दाबली. शिवाय खडबडीत कागदावर चकचकीत कागदाची शाई घातल्यामुळें लुगड्याचा काळा रंग पुसलेल्या पाटीसारखा करडा झाला होता. मूळ संहितेंत लेखनिकानें आपली ओवी घुसडावी तसा हा प्रकार. ज्यांना मूळ पाठ ठाऊक आहे अशी एकच व्यक्ति हयात असतां पाठशुद्धीचें काम लांबणीवर टाकणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. म्हणून कॉलेजच्या छायाचित्र-मंडळाचा मोठा प्रिंटर सुटीपुरता मागून घेतला.

या यंत्राचा स्वभाव प्रथम ध्यानांत घ्यावा लागतो. त्याला कागद पाहून ओळखतां येत नाहीं. आपण कागदाची जी जात सांगूं तिच्यावर तें निमूटपणें विश्वास ठेवतें, आणि शाई किती सोडावयाची, कोणती काळी शाई घ्यावयाची, कागद कसा सरकवावयाचा, हें सारें त्या एका शब्दावरून ठरवितें. काळ्या शाया दोन असतात: एक चकचकीत कागदाची, दुसरी मॅट म्हणजे निस्तेज पृष्ठाच्या कागदाची. पहिली मॅट कागदावर फिकी पडते. दुसरी चकचकीत कागदावर धड बसत नाहीं, बोटाला लागते. गंमत अशी, कीं यादींत आपल्या कागदाचें नांव बहुधा नसतेंच. यादी प्रिंटरवाल्याची, कागद दुसऱ्याचा. मग कागदवालाच सांगतो, कीं आमचा कागद घालतांना अमुक कंपनीच्या ‘वेल्वेट फाइन आर्ट’चें नांव निवडा. दत्तक गेलेल्या मुलानें नव्या घरचें गोत्र सांगावें तसें हें आहे, आणि कार्यही बिनबोभाट पार पडतें.

दुसरा प्रश्न रंगांचा कारभार कोणी पाहावयाचा हा. प्रत्येक कागद, शाई व यंत्र यांच्या त्रयीसाठीं एक मोजमापाची फाइल मिळते, तिला प्रोफाइल म्हणतात. १९९३ सालीं आठ कंपन्यांनीं एकत्र येऊन या मोजमापांची सामाईक भाषा ठरविली. ही फाइल चित्राच्या प्रोग्रॅमनें वापरावी आणि प्रिंटरनें स्वस्थ बसावें, किंवा प्रिंटरनें सर्व पाहावें आणि प्रोग्रॅमनें हात आवरावा. दोघांनींही कर्तव्यदक्षता दाखविली तर आमटींत सासूनें आणि सुनेनें वेगवेगळें मीठ टाकल्यासारखें होतें. आमचें चित्र कृष्णधवल असल्यामुळें आम्हीं दुसरा मार्ग धरला. एप्सनच्या कांहीं यंत्रांत कृष्णधवलासाठीं निराळी योजना असते. तींत मुख्य भार काळ्या व करड्या शायांवर असतो, आणि किंचित् उबदार किंवा थंड छटा आपल्या इच्छेप्रमाणें देतां येते. ठिपक्यांची दाटी १४४० ठेवावी कीं २८८०, यावर पुष्कळ वाद ऐकूं येतात. सुती मॅट कागदावर आम्हांस तरी भिंग लावूनही फरक दिसला नाहीं.

खरी अडचण अंधाराची होती. गडदपणा मोजण्याचें जें मान आहे तें चकचकीत कागदावर २ च्या पुढें जातें. मॅट कागदावर १.६ किंवा १.७ च्या आसपास थांबतें. म्हणजे चकचकीत कागदाचा गडद काळा पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा भागही परत फेंकीत नाहीं, तर या कागदाचा गडद काळा चाळिसावा-पन्नासावा भाग फेंकतो. ही विहीरच उथळ. लुगडें, पदराची चूण, कोनाड्याचा आंतला भाग, हें सर्व तेवढ्या खोलींत बसवावयाचें. त्यासाठीं सावल्या थोड्या वर उचलाव्या लागतात, आणि सावल्या उचलतांना चेहराही हळूच गोरा होऊं लागतो. दुकानदाराचें काम आपल्या हातून नकळत पुरें होण्याचा धोका येथें आहे. म्हणून चेहऱ्याला हात न लावतां बाकीच्या भागाची छाया तेवढी हलकी केली.

चेहरा मुळांत किती गडद असावा, हें मात्र आम्हीं कशावरून ठरवावें? एका तावावर आईचा चेहरा लहान आकारांत सहा वेळां छापला, प्रत्येक वेळीं एकेक पायरी अधिक सांवळा. रात्रभर वाळूं दिला, कारण ओल्या शाईवरून निवाडा करूं नये. सकाळीं दहाच्या सुमारास अक्काला खिडकीपाशीं बसवून तो ताव हातांत दिला. तिनें बराच वेळ घेतला. मग चौथ्या चेहऱ्यावर, कागदाला न लावतां, बोट धरलें. “ही. उन्हांतून पाणी घेऊन आली म्हणजे अशी दिसायची.” आमच्या मतें तिसरा चेहरा अधिक सुबक होता. आम्ही बोललों नाहीं.

पुढचें काम मजुरीचें. पावसाळी हवेनें तावाच्या कडा उचलल्या होत्या. तशा कागदावरून छपाईचें डोकें फिरलें तर कडेला घासून काळे डाग पाडतें. म्हणून एक ताव कोऱ्या कागदांत गुंडाळून दोन दिवस मोल्सवर्थच्या कोशाखालीं ठेवला. त्या ग्रंथाचा असा उपयोग त्याच्या कर्त्याच्या ध्यानींमनीं नसेल. सेटिंगमध्यें कागदाची जाडी ५, म्हणजे अर्धा मिलिमीटर, लिहिली. डोकें आणि कागद यांमधलें अंतर ‘रुंद’ केलें. मऊ कुंचल्यानें पृष्ठावरचे कापसाचे तंतु झाडले, कारण तंतूवर शाई पडून मागाहून तो गळाला कीं तेथें पांढरा ठिपका राहतो. असा कागद मागच्या बाजूनें एक-एक ताव घालावा लागतो, आणि यंत्र तो एकदां नाकारून मगच स्वीकारतें.

छापून निघालेल्या चित्रांत कोनाड्याच्या अंधारांत एक डबी दिसूं लागली. मूळ चित्रांत ती आम्हीं कधीं पाहिली नव्हती. आम्ही तिला कुंकवाचा करंडा समजलों, अक्का हंसली. “ती आजीची तपकिरीची डबी. आई ती वर लपवून ठेवायची.”

चौकट करावयास टाकली आहे. कांच कागदाला चिकटूं नये म्हणून मध्यें पुठ्ठ्याची पट्टी घालण्यास सांगितलें. चौकटवाला म्हणाला, असा कागद बिनकांचेचाच शोभून दिसतो, आणि तें खरेंही आहे. तरी आम्हीं कांच हवीच म्हणून त्याला बजावलें. कारण अक्का शुक्रवारीं आईच्या कपाळाला कुंकू लावल्यावांचून राहणार नाहीं, आणि या कागदावरून कुंकू पुसतां येत नाहीं.