मोठ्या कुत्र्याला कसले जंत? – मोतीने मला शिकवलेला धडा



'माझा आवडता प्राणी – कुत्रा' हा निबंध तुम्ही अनेकदा लिहिला असेल. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. आज मीसुद्धा माझ्या कुत्र्यावरच लिहिणार आहे, पण निबंधात कधी न येणाऱ्या गोष्टीवर. त्याच्या पोटातल्या जंतांवर! वाचताना थोडं 'ईऽऽ' होईल. होऊ द्या. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि तीच चूक कदाचित तुमच्या घरीही होत असेल.

आमचा मोती साधा गावठी कुत्रा. पाच वर्षांचा, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. रोज सकाळी माझ्या मागे मागे शाळेत यायचा, वरांड्यात झोपायचा आणि दुपारी उरलेली खिचडी खायचा. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू ही त्याची आवडती जागा. आणि पहिली-दुसरीच्या मुलांचीही तीच आवडती जागा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

फेब्रुवारीत शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिन होता. २०१५ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि आता देशभर चालतो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. मी मुलांना रांगेत बसवून समजावत होतो, "गोळी चावून खायची, नंतर पाणी प्यायचं." मोती दारातच पसरला होता. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मोतीला नाही का गोळी?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अगं, मोती आता मोठा झाला. मोठ्या कुत्र्याला कसले जंत?"

तो पिल्लू असताना मी त्याला जंताचं औषध दिलं होतं. त्यानंतर पाच वर्षांत एकदाही नाही.

शितं नव्हतीच ती

पावसाळा सुरू झाला. मोती ज्या पोत्यावर झोपायचा तिथे आईला पांढरे दाणे दिसले. "भाताची शितं सांडवतोस होय रे?" म्हणून ती त्याच्यावर ओरडली. मी वाकून पाहिलं, तर त्यातलं एक शीत हळूच हललं!

मग एकेक गोष्ट दिसू लागली, किंवा खरं सांगायचं तर मी आता बघू लागलो. मोती बूड जमिनीला घासत पुढे सरकायचा, आम्हाला वाटायचं खेळतोय. पोटभर खायचा, पण फासळ्या मोजता येत होत्या. केसांची चमक गेली होती. शाळेच्या वाटेवर दोनदा खाली बसायचा. आणि त्याची शी डांबरासारखी काळी व्हायला लागली होती.

शेजारचे काका म्हणाले, "गूळ-बिस्कीट बंद करा, गोडाने जंत होतात. अन् भाकरीतून लसूण घाला." घरात मुलांसाठी आणलेली जंताची एक गोळी होती. मी ती हातात घेतली. म्हटलं, माणसाला चालते ती कुत्र्याला का नाही चालणार? तरी शंका आली म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर एकच वाक्य बोलले, "गुरुजी, ती गोळी खाली ठेवा आणि त्याला घेऊन या."

सूक्ष्मदर्शकाखालचा वर्ग

डॉक्टरांनी सगळ्यात आधी मोतीचा ओठ वर केला. "हिरड्या बघा. गुलाबी पाहिजेत. ह्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्यात." मी डबीत मोतीची शी नेली होती. त्यांनी त्यातली थोडी मिठाच्या दाट पाण्यात ढवळली, गाळली आणि थोडा वेळ ठेवली. जंतांची अंडी या पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगतात. तरंगणारं अंडं मी कित्येक वर्षं वर्गात मिठाच्या पाण्यात दाखवत आलोय. पण त्याचा असा उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सूक्ष्मदर्शकातून मी पाहिलं. पातळ कवचाची लांबट अंडी, आत द्राक्षाच्या घडासारखा पेशींचा पुंजका. "हा अंकुशकृमी," डॉक्टर म्हणाले. "आतड्याला दातांनी चिकटतो आणि रक्त पितो. म्हणून शी काळी, हिरड्या पांढऱ्या. आणखी महिनाभर थांबला असता तर मोती कदाचित हाती लागला नसता."

मित्रांनो, तेव्हा मला त्या तिसरीतल्या मुलीचा प्रश्न आठवला.

डॉक्टरांनी सांगितलेलं, माझ्या शब्दांत

कुत्र्याच्या आतड्यात मुख्यतः चार प्रकारचे जंत राहतात.

१) गोलकृमी: शेवयांसारखे लांब. यांचा जास्त त्रास पिल्लांना होतो. मोठ्या कुत्र्यात प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून अनेक अळ्या आतड्यात न वाढता स्नायूंमध्ये निपचित पडून राहतात. पण कुत्री गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि पोटातल्या पिल्लांमध्ये शिरतात. म्हणजे मोठं जनावर वरून ठणठणीत दिसलं तरी आत बी असतंच.

२) अंकुशकृमी: ओल्या, उबदार मातीत याच्या अळ्या वाढतात. त्या तोंडावाटे जातात, तशा कातडीतूनही आत शिरतात. मोठ्या कुत्र्यालाही याची लागण होऊ शकते.

३) पट्टकृमी: आईला दिसलेली 'शितं' म्हणजे याच्या शरीराचे तुटलेले तुकडे. प्रत्येक तुकड्यात अंडी असतात. ती पिसवांच्या अळ्या खातात, अंगाला खाज सुटली की कुत्रा पिसू चावून गिळतो आणि जंत पुन्हा पोटात!

४) चाबूककृमी: मोठ्या आतड्यात राहतो, जुलाब आणि शेंबडासारखी शी होते.

यात गूळ कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. जंत गोडाने होत नाहीत. अंडी किंवा अळ्या शरीरात गेल्याने होतात. आणि लसूण? लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आधीच रक्त कमी झालेल्या मोतीला मी लसूण चारला असता तर काय झालं असतं, कल्पना करा. माझ्या हातातली अल्बेंडाझोलची गोळीही कुत्र्याच्या हाडांतल्या मज्जेला, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच, इजा करू शकते.

वजाबाकीचा तास

कुत्र्याच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. मोती काट्यावर काही उभा राहीना. मग मी त्याला उचलून काट्यावर चढलो: ८४ किलो. माझं एकट्याचं वजन ६६. मोती १८ किलो! डॉक्टरांनी त्या हिशोबाने गोळी दिली, रक्त वाढण्यासाठी औषध दिलं आणि बजावलं, "पंधरा दिवसांनी दुसरा डोस चुकवू नका. अंगात दडलेल्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात. आणि पिसवांचा बंदोबस्त करा."

दुसरा डोस दिला. पिसवांचं मात्र राहून गेलं. महिन्याभराने पोत्यावर पुन्हा शितं! तेव्हा कुठे पोतं जाळलं, मोतीच्या अंगाला पिसवांचं औषध लावलं, त्याची जागा झाडून धुऊन काढली. त्यानंतर शितं दिसली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हिरड्या गुलाबी झाल्या आणि मोती पुन्हा माझ्या पुढे पळायला लागला.

आता त्या वाळूविषयी

गोलकृमीची अंडी मुलांच्या तोंडात गेली तर अळ्या शरीरात भटकतात. यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायात शिरली तर कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ उठते. पण घाबरून कुत्र्याला हाकलू नका. ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत. अंकुशकृमीच्या अळ्या तयार व्हायला काही दिवस लागतात, गोलकृमीच्या अंड्यांना दोन-तीन आठवडे. म्हणून शी रोजच्या रोज उचलली की साखळी तिथेच तुटते. तशीच राहिली तर मात्र गोलकृमीची अंडी मातीत कित्येक महिने टिकून राहतात.

आम्ही खड्ड्यातली वाळू बदलली, शाळा सुटली की त्यावर ताडपत्री घालतो. मोतीची झोपायची जागा वरांड्याच्या दुसऱ्या टोकाला केली. फावडं माझ्या हातात असतं, मुलांच्या नाही.

लक्षात ठेवा

• मोठ्या कुत्र्यालाही साधारण दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे जंताचं औषध द्या.
• माणसांची गोळी किंवा घरगुती उपाय कुत्र्यावर करून बघू नका.
• जंतांबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करा.
• कुत्र्याशी खेळल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. मातीत चप्पल घाला.
• महिन्यातून एकदा त्याचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा.

पुढच्या जंतनाशक दिनाला मी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "मागच्या वर्षी तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं होतं." मग मोतीच्या औषधाचं वेळापत्रक तिच्याकडूनच भिंतीवर लिहून घेतलं. तारीख जवळ आली की आता तीच मला आठवण करून देते.

तुमच्यासाठी उपक्रम: तुमच्या घरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याला शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, हे मोठ्यांना विचारा आणि वहीत तारीख लिहा. तारीख कुणालाच आठवत नसेल, तर काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.